जिवंत माणसाचा वीरगळ

एका जित्याजागत्या माणसाला त्याच्याच गावातल्या म्हाताऱ्यांनी मारलं. शत्रूने नाही, रोगाने नाही, आणि नशिबाचं तर नावच काढू नका. गोष्ट फार जुनी आहे, राजे घोड्यावरून फिरायचे आणि गावांना वेशी होत्या तेव्हाची. दोष कुणाचा हे शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात काही गंमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. पोरांनो, नीट ऐका. आणि पोरांच्या आजोबांनो, तुम्हीही मधेच उठून जाऊ नका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वेशीजवळ नांदुरकीचं झाड होतं, झाडाला पार होता, आणि पारावर गावचे पंच बसायचे. गावात जे ठरायचं ते या पारावर ठरायचं. कुणाची मुलगी कुठे द्यायची, कुणाच्या बांधाची चूक, कोण शहाणा आणि कोण खुळा. पंचांत सगळ्यात म्हाताऱ्याला आबा म्हणत. आबांचा शब्द मोडायचा नाही, हे त्या गावात पोरांना पाय फुटायच्या आधी शिकवत.

त्याच गावात एका विधवेचा एकुलता एक मुलगा होता. दोर वळायचा, आईला सांभाळायचा. त्याचं नाव मी सांगत नाही. गावाने ते नाव पुढे एका दगडाला देऊन टाकलं, त्यामुळे माणसाला ते उरलंच नाही.

राजाची लढाई लागली. राजाचे स्वार गावोगाव फिरले आणि प्रत्येक गावाकडे एकेक जवान मागू लागले. पंचांच्या घरात तरणी पोरं होती, नातू होते, अंगाने दांडगे होते. पण पारावरून बोट उठलं ते विधवेच्या मुलाकडे. त्याच्या बाजूने पारावर बोलायला कुणी नव्हतं, एवढंच कारण. आबा म्हणाले, "गावाचं नाव राख, बाळा." बाळ गेला.

लढाईचं वर्णन करत बसत नाही. लढाई ज्यांनी पाहिली नाही, त्यांनीच ती आजवर फार रंगवलेली आहे. त्याच्या मांडीत भाला गेला. तो एका खिंडीत प्रेतांच्या ढिगात पडून राहिला. शत्रूच्या लोकांनी त्याला उचललं, जगतोय म्हणून कैद केलं आणि लंगड्या पायाने खाणीत दगड फोडायला लावलं. खिंडीत त्याचं रक्ताने माखलेलं पागोटं तेवढं राहिलं. ते राजाच्या माणसांनी गावात आणून दिलं आणि सांगितलं, तुमच्या पोराने एकट्याने खिंड धरली, आणि तिथेच पडला.

राजाचा आणखी एक नियम होता. ज्या गावाचा वीर रणात पडला, त्या गावाकडे लढाई संपेपर्यंत पुन्हा जवान मागायचा नाही. गावाने वीराचा दगड वेशीवर उभा करायचा, आणि स्वार आले की तो दाखवायचा.

पंचांनी दगड उभा करायला क्षणाचाही उशीर केला नाही.

इकडे तो मुलगा खाणीतून निसटला. रानातली बोरं-करवंदं खात, लंगडत, लपत, डोंगर ओलांडून तो आपल्या गावाच्या वेशीशी पोचला. दिवेलागण व्हायची होती. पारावर पंच बसलेले. पाराच्या शेजारी, पूर्वी जिथे नुसतं गवत वाढायचं तिथे, एक नवा वीरगळ उभा होता. खालच्या कप्प्यात एक मिशीवाला गडी ढाल-तलवार घेऊन लढत होता. मधल्या कप्प्यात त्याला अप्सरा उचलून नेत होत्या. वरच्या कप्प्यात तो पिंडीसमोर हात जोडून बसला होता.

"कुनाचा हो?" त्याने विचारलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. गावातलं कुणीतरी पडलं असं वाटून त्याने पायातलं काढलंसुद्धा.

तात्या म्हणून एक पंच होते. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. "तुझाच," ते बोलून गेले.

आबांनी तात्यांकडे एकदा बघितलं. मग त्या मुलाकडे, पायापासून डोक्यापर्यंत. जागचे उठले मात्र नाहीत.

"ये, बस. पानी पी," आबा म्हणाले. तो पाणी प्यायला. मग आबा सावकाश म्हणाले, "आरं बाळा, तू मेलायस."

तो हसला. "आबा, म्या हितं उभा हाय."

"ते दिसतंय की. म्हातारा झालोय, आंधळा न्हाई. पन तुझं दिवस घातलं आमी. तेरावं झालं, गाव जेवलं. पिंडाला कावळा तर असा शिवला, पान खाली ठिवलं न्हाई तोवर शिवला. तुझी कसलीच इच्छा मागं ऱ्हायली नव्हती."

"आबा, म्या तवा उपाशी होतो."

"ते कावळ्याला कसं कळावं?" तात्या म्हणाले, आणि एक-दोघे हसलेही. असल्या वेळी हसू येतं यांना.

आबा हसले नाहीत. ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांनी त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि वेशीच्या आत बोट दाखवलं. तिथे पोरं विटीदांडू खेळत होती. आबा म्हणाले, "ह्या दगडापायी ती पोरं हितं खेळत्यात. तू जित्ता हायेस हे राजाला कळलं, तर सकाळच्याला स्वार येतील. सांग, ह्यातला कोन देऊ? तू बोट दाव, म्या देतो."

त्याने बोट दाखवलं नाही. दाखवणाऱ्यातला तो नव्हता. दाखवणारे पारावर होते.

"मंग म्या घरला जायाचं न्हाई?"

"जायाचं की. लढाई संपू दे. आमीच तुला वाजतगाजत वेशीतनं आत आनू. तवर तालुक्याच्या पेठंत ऱ्हा, काम बघ. कुनाला नाव सांगू नको."

"आन् आईला?"

"तिला सांगितलं तर गाव जागं व्हईल. बायामानसांच्या तोंडाला झाकन नसतं."

तात्यांच्या तोंडाला झाकण नव्हतं हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. पण ते बाईमाणूस नव्हते, म्हणून पंच होते.

एवढ्यात त्याची आई आली. हातात पणती होती. आबांनी त्याला झाडाच्या बुंध्याआड ओढलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आईने पणती वीरगळापुढे ठेवली. हात जोडले नाहीत. दगडाकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि आल्या वाटेने गेली. त्याच्यापासून ती एका हाकेवर होती. त्याने हाक मारली नाही.

इथे तो आबांचा हात झटकून धावला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण तो चांगल्या वळणाचा मुलगा होता. चांगलं वळण म्हणजे काय, ते तुम्हाला आता दिसेल.

तो पेठेत गेला. पेठेच्या टोकाला चुन्याची भट्टी होती. चुनखडी भाजायची, पाणी मारून विरवायची, आणि मग दगडी घाणीत वाळूबरोबर मळायची. घाणीला बैल जुंपलेला असायचा आणि बैलामागे हा लंगडत फिरायचा. चुन्याने हात फाटतात, मग सोलतात, मग त्यांना स्पर्शच कळत नाही. घशात फक्की बसते आणि आवाज घोगरा होतो. पेठेत त्याला लंगड्या म्हणत. भट्टीची मालकीण एक विधवा होती, तिला सगळे आक्का म्हणत. तोंडाने तिखट, पण कामकऱ्याला भाकरी मोजून न वाढणारी.

"तुझं गाव कुठलं रं?" तिने एकदा विचारलं.

"गाव न्हाई."

"मंग काय झाडाला लागलास?"

त्याने बैल हाकला. आक्काने पुन्हा विचारलं नाही. आज ना उद्या सांगेल, असं तिला वाटलं.

बाजाराच्या दिवशी पंच पेठेत यायचे. आबा आणि तात्या वाट वाकडी करून भट्टीवर यायचे, सावलीला बसायचे, त्याच्या हातचं पाणी प्यायचे. आई कशी आहे, हे त्याने विचारलं की आबा म्हणायचे, "सुखात हाय. वीराची आई म्हनून पहिला मान तिचा. गाव तिला हातावर झेलतंय." ते ऐकून तो आठवडाभर बैलामागे चालायचा. त्याच्या जगण्याला तेवढंच पुरायचं.

आणि मग लढाई संपली. राजाचा डंका पेठेतून फिरला. लंगड्याने त्याच दिवशी आपलं घोंगडं झटकलं आणि घडी घालून ठेवलं. आता आबा येतील, वाजंत्री घेऊन येतील, म्हणून तो भट्टीच्या दारात बसून राहिला.

आबा आले. वाजंत्री नव्हती. द्रोणात खोबऱ्याचे तुकडे आणि गूळ होता.

"घे. तुझ्याच जत्रंचा प्रसाद हाय," आबा म्हणाले.

"माझी जत्रा?"

"चैतात भरवली की. लई मानसं जमली. खिंड राखनारा वीर म्हनत्यात तुला. पाळनं काय, कुस्त्या काय. आरं, आता जरा थांबावं लागंल. येकदम उठून आलास तर लोक काय म्हनतील? आन् राजाला कळलं, आमी लढाईच्या वक्ताला खोटं बोललो, तर? आमची मुंडकी म्हातारी असतील, पन हायेत की धडावर. तुझ्या हातात हायेत बघ ती."

त्याने घोंगडं पुन्हा पसरलं.

दर वेळी नवं कारण निघायचं. राजाच्या दरबारात गावच्या पंचांना पुढची जागा मिळाली, ती जाईल. आबांच्या नातीला वीराच्या गावची म्हणून मोठ्या घरचं स्थळ आलं, ते मोडेल. प्रत्येक वेळी आबा हात जोडायचे, आणि म्हाताऱ्या माणसाने हात जोडले की हा विरघळायचा. खरं काय होतं? लढाई संपली होती, पोरं सुखरूप होती, आणि या माणसाला मेलेला ठेवण्याचं आता एकच कारण उरलं होतं. मेलेला तो म्हाताऱ्यांच्या फार कामाला येत होता.

आक्काने एकदा त्याला तो प्रसाद खाताना पकडलं. तोवर तिने, कुणाला सांगणार नाही असं वचन देऊन, त्याच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली होती.

"काय खातोस?"

"प्रसाद."

"आपल्याच मरनाचं जेवतोस? लाज न्हाई वाटत?"

"आक्का, थोरांनी दिलेला हाय."

"त्या थोराड बोक्यांस्नी म्या काय देईन, ते इचारून बघ त्यास्नी," आक्का म्हणाली, आणि द्रोण बैलापुढे टाकला.

पुढे गावाने वीरगळाला चौथरा बांधायचं काढलं. चुना आक्काच्या भट्टीवरून जायचा ठरला. स्वतःच्या दगडाच्या चौथऱ्याचा चुना त्याने स्वतः मळला. गाडी घेऊन आक्का गावात गेली, आणि परत आली ती चेहरा पाडून. गाडीही सोडली नाही, आधी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझी आई भेटली."

"बरी हाय?"

"खुळी म्हनत्यात तिला. पोरं खडं मारत्यात."

तो बैल चालवायचा थांबला.

"ती म्हनती, माझा पोरगा मेला न्हाई. पागोटं त्याचं असंल, त्यात रगत कुनाचं ते मला काय ठावं? पहिल्या दिसापास्नं हेच म्हनती. वाटंनं कुनीबी जाऊ दे, त्याला थांबिवती. माझा पोरगा बघितलास का, पाठीवर असा डाग हाय, भाकरी पान्यात बुडवून खातो, झोपंत हसतो. मलाबी इचारलं. म्या बघतच ऱ्हायले, लंगड्या. मला सगळं ठावं होतं, आन् तुला वचन दिलं म्हनून म्या तोंड शिवून बसले. थुंक माझ्यावर."

"पन ती दिवा लावती. म्या बघितलंय."

"पंचांनी लावाया लावलाय. रोज लावती. काय म्हनती ठावं हाय? कुनाचा का असंना बाबा तू, तुला उजेड."

तो खाली बसला. इतके दिवस सगळ्या गावात एकच माणूस खरं बोलत होतं आणि ती त्याची आई होती. ती खुळी ठरली, कारण हा शहाण्यासारखा गप्प बसला होता.

पुढच्या बाजारी आबा आणि तात्या आले. त्याने पाणी दिलं नाही. "म्या आजच येतो गावात," तो म्हणाला. "माझ्या आईला खडं मारत्यात."

तात्यांनी मान खाली घातली. आबांनी नाही घातली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांच्या डोळ्यांत पाणी केव्हाही येऊ शकत असे.

"बरोबर हाय तुझं," आबा म्हणाले. "आमी चुकलो. हात जोडतो. येत्या जत्रंला समद्या गावापुढं म्या स्वतः सांगतो, ह्यो जित्ता हाय. राजानं मुंडकं उडिवलं तर उडवू दे. पन येक सांगू? तिचं काळीज आता चिमनीयेवढं झालंय. अचानक समोर आलास तर तिथंच फुटंल. आधी तिला हळूहळू तयार कराया पायजे. तुझी म्हनून येखादी खून दे. डाग-बिग नको, ते तिनं समद्या जगाला सांगून ठिवलंय. तुमा दोघांबिगर कुनाला ठावं न्हाई असं काय तरी सांग. म्हंजी तिला पटंल, खरंच ह्यांना माझा पोरगा भेटला."

आणि त्याने सांगितलं. लढाईवर निघायच्या दिवशी आई त्याच्याशी भांडली होती. पंचांची पोरं घरात लोळतात, तूच का जातोस, असं म्हणाली होती. आबांचा शब्द आहे, असं तो म्हणाला. तेव्हा तिने रागाने दार लावून घेतलं होतं, आणि आतून ओरडली होती, "जा, मर तिकडं. पुन्यांदा तोंड दावू नको." दाराबाहेर कुणी नव्हतं. तो दाराला हात लावून निघून गेला होता. आईने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्याच तोंडून निघालेल्या त्या शब्दाला ती घाबरत होती.

"तिला सांगा," तो आबांना म्हणाला, "म्या ते मनाला लावून घेतलं न्हाई."

"सांगतो की," आबा म्हणाले.

संध्याकाळी आक्काला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "तेवढी येकच गोष्ट तुझ्याजवळ होती रं, येड्या! ती बी देऊन बसलास?"

"आबांनी शब्द दिलाय."

"त्यानं आजवर दुसरं काय दिलंय तुला?"

आता आबांनी काय केलं ते ऐका. त्यांनी लांबच्या गावचा एक देवऋषी आणला. भर दुपारी वीरगळापुढे डफ वाजवला, धूप घातला, त्या म्हातारीला समोर बसवलं. देवऋषी घुमू लागला. गाव गोळा झालं. आणि वीराचा आत्मा अंगात आल्यासारखा तो बोलला, "आई, तू दार लावून घेतलंस. आतनं वरडलीस, जा, मर तिकडं. म्या मनाला लावून घेतलं न्हाई, आई. मला आता मोकळं कर."

म्हातारीने किंकाळी फोडली. मग तिने त्या दगडाला मिठी मारली आणि पोटभर रडली. मुलगा गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून ती पहिल्यांदा रडली. त्यानंतर तिने वाटसरूंना थांबवणं सोडून दिलं. पोरांनी खडे मारायचं सोडलं. आबा म्हणाले, "बरी झाली बिचारी." आणि मला खात्री आहे, आबांना आपण पुण्य केलं असंच वाटत असणार. असल्या माणसांना नेहमी तसंच वाटतं.

जत्रेचा दिवस आला. भट्टी पेटलेली होती, ती टाकून आक्काला येता येईना. तो एकटाच निघाला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं मुंडासं. वेशीत गर्दी होती. त्याने आबांकडे बघितलं. आबांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि नारळ फोडायला सांगितला. तेव्हा त्याला कळलं, आणि तो सरळ आईसमोर जाऊन उभा राहिला. वीरगळाच्या चौथऱ्याला टेकून ती बसली होती. डोळ्यांवर सारा आला होता, दिसत नव्हतं. चेहरा मात्र निवांत होता, त्याने लहानपणी बघितला होता तसा.

"आई, म्या आलो."

तिने हात पुढे केला. त्याने आपले हात तिच्या हातात दिले. तिने ते चाचपले आणि सोडले. "हे हात दोर वळनाऱ्याचं न्हाईत, बाबा. आवाजबी तसा न्हाई. तू लंगडतबी हायेस, मला ऐकाया आलं."

"चुन्यात काम करतो, आई. पाठीवरचा डाग बघ. म्या भाकरी पान्यात..."

"पान्यात बुडवून खातोस, झोपंत हसतोस," ती म्हणाली. "म्याच सांगितलंय ते, वाटंवरच्या समद्यांला. तुझ्याआधीबी आलं होतं असलं. जेवलं, दोन लुगडी घिऊन पळालं."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "हाकला त्याला." तो वळला. "आबा, सांगा तिला. तात्या, तुमी तरी."

तात्या चौथऱ्याचा चुना नखाने खरवडत राहिले. आबा पुढे आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कोन रं बाबा तू? कुठल्या गावचा?"

त्याच्याजवळ आता एकच उरलं होतं. तो आईच्या कानाशी वाकला. "निघताना तू दार लावून घेतलंस, आई. आतनं वरडलीस..."

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"ते त्यानं मला सांगितलं. ह्या हितनं, ह्या दगडातनं, देवऋष्याच्या तोंडनं," ती म्हणाली. "म्या त्याला मर म्हनले आन् तो मेला. इतकी सालं मला धीर न्हवता म्हनायला, की तो मेला. म्हनून म्हनत ऱ्हायले, जित्ता हाय, जित्ता हाय. आन् मंग तो स्वतः म्हनला, आई, म्या मनाला लावून घेतलं न्हाई. त्या दिसापास्नं मला झोप लागती, बाबा. आता तू म्हनतोस, तो दगडातला तो न्हवताच. मंग मला माफी कुनी दिली? का ती परत घ्याया आलास?"

माफी त्यानेच दिली होती. ती चोरांच्या हातून पोचली होती, पण त्याचीच होती. हे सांगायचं तर आधी तिला सांगावं लागलं असतं, की देवऋषी खोटा होता, पंच खोटे होते, आणि पोटचा मुलगा एका हाकेवर उभा राहून तिला खुळी ठरू देत होता. त्याने तोंड उघडलं. तिच्या त्या निवांत चेहऱ्याकडे बघितलं. आणि मिटलं.

"चुकलं माझं, म्हातारे," तो म्हणाला. "म्या दुसऱ्या गावचा."

"जेवून जा," ती म्हणाली. "लांबचा दिसतोस."

तो न जेवता गेला.

आता कुणीतरी म्हणेल, केवढं मोठं मन! आईच्या सुखासाठी त्याने आपलं नाव सोडलं! तसं म्हणू नका. जे बोलायचं ते त्याने पहिल्या संध्याकाळी बोलायला हवं होतं, जेव्हा ती पणती ठेवून वळली होती. त्या जत्रेत त्याच्यापुढे निवडायला काही शिल्लकच नव्हतं. म्हाताऱ्यांनी सगळं आधीच काढून घेतलं होतं, आणि त्याने ते आपल्या हाताने काढून दिलं होतं, वर पाणीही पाजलं होतं.

पुढे काय झालं? आबा भरल्या घरात मेले. तात्याही मेले, आणि त्यांनी शेवटपर्यंत पोटात ठेवलेली ही एकच गोष्ट. म्हातारी बरीच जगली. ती गेली तेव्हा तिला अग्नी आबांच्या मुलाने दिला, कारण वीराच्या आईचा मान गावाचा. लंगड्याला ते एका कासाराकडून कळलं, तेही नंतर, भांड्यांचा भाव करता करता आक्काशी तो बोलला म्हणून. लंगड्याने ऐकून घेतलं, बैलाला हाकललं आणि घाणी पुरी केली. छाती चुन्याने भरेपर्यंत तो तिथेच होता.

बोध एवढाच: मोठ्यांचं ऐकण्याआधी हे बघून घ्या, की तुम्ही जिवंत असण्यात त्यांचा काही फायदा आहे का.

त्याने ते बघितलं नाही. आई जिवंत असतानाच तो पोरका झाला, आणि पोरकाच मेला.